फळीवरचे पाय

(वाघिणीचं, म्हणजे रेल्वेच्या मालडब्याचं, दार सरकतं. आत छताजवळ पोहोचलेली पोती.)

सील तुटलं, दार सरकलं. खताचा उग्र दर्प बाहेर येतो आणि डोळे चुरचुरायला लागतात. हा बेळगावचा मालधक्का. खत बोटीनं परदेशातून आलंय, बंदरात उतरलंय आणि रेल्वेनं घाट चढून इथवर पोचलंय. बोट रिकामी करणारे हमाल वेगळे, वाघीण रिकामी करणारे हे वेगळे. काम एकच.

(फळीवरचे पाय, जवळून.)

पायांकडे बघा. वाघिणीतून लॉरीत टाकलेली ही फळी दर पावलाला लवते. तिच्या लयीतच पुढचं पाऊल पडायला हवं. लय चुकली, की गुडघ्याला हिसका बसलाच. नवा पोरगा हे पहिल्या आठवड्यात शिकतो, नाहीतर काम सोडून जातो.

आतले दोघे पोतं उचलून पाठीवर देतात. दिसतं फेकल्यासारखं, पण असतं नेमकं ठेवलेलं: मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. जरा खाली बसलं तर माणूस मागं ओढला जातो. डोक्यावरून न्यायचं असेल तर चुंबळ लागते. पोत्यावर हुक लावू नका असं छापलेलं असतं, आणि हमालाच्या हातात आकडी! ती तो शिवणीच्या कोपऱ्याला अडकवतो. पोतं फाटत नाही. याला नुसती अंगमेहनत म्हणणाऱ्यांनी एकदा आकडी हातात धरून बघावी.

(लॉरीतली थप्पी.)

लॉरीत एक थर आडवा, त्यावरचा उभा, विटांच्या भिंतीसारखा. मग घाटाच्या वळणावरही थप्पी सरकत नाही. एका वाघिणीत साधारण 60 टन माल, म्हणजे 50 किलोची 1200 पोती. मुकादम मोजतो ते ‘एक’ऐवजी ‘लाभ’पासून, मग दोन, तीन. पलीकडच्या लॉरीपाशी मोजणी कानडीत चाललीय. ‘हळू मामा, कडेनं ये की!’ हे मात्र दोन्हीकडं मराठीतच ऐकू येतं.

(घाटातला जुना रस्ता.)

रेल्वे यायच्या आधी या भागाचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. आंबोली घाटानं, रामघाटानं धान्य, कापूस खाली जायचा आणि मीठ वर यायचं. लमाणांचे बैलांचे तांडे, नंतर बैलगाड्या. 1880च्या दशकात रेल्वे आली. लोंढा, कॅसलरॉकवरून गाडी मुरगाव बंदरापर्यंत जाऊ लागली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. पोती उचलणारी पाठ मात्र कुठल्याच काळात बदलली नाही.

(खंडेनवमी. धुतलेल्या आकड्या, हळद-कुंकू, झेंडूची माळ.)

खंडेनवमीला आकडी, हातगाडी, वजनकाटा धुऊन पुसून पूजेला ठेवतात. एरवी कोपऱ्यात पडलेल्या फळीलाही त्या दिवशी कुंकू लागतं.

(म्हाताऱ्या हमालाचे हात.)

साखरेचं पोतं 100 किलोचं होतं, ते दिवस या हातांनी पाहिलेत. माणसानं 55 किलोपेक्षा जास्त वाहू नये, अशी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची शिफारस 1967 सालची. युरियाचं पोतं 2018 साली 50 वरून 45 किलोवर आलं. ते हमालाच्या पाठीसाठी नव्हे, शेतकऱ्यानं युरिया कमी वापरावा म्हणून. पाठीला दिलासा मिळाला तो आपसूक. कंबर आणि गुडघे जातात, मग काम सुटतं, पेन्शन नसते.

(महामार्ग. निपाणीकडून कागलकडं जाणाऱ्या लॉऱ्या.)

निपाणीच्या पुढं कोगनोळी ओलांडली की कागल, म्हणजे महाराष्ट्र. तिथं 1969चा माथाडी कायदा आहे. हमालाची नोंद माथाडी मंडळाकडं, मजुरी मंडळामार्फत आणि मालकानं मजुरीवर जादा भरलेल्या रकमेतून, म्हणजे लेव्हीतून, फंड, बोनस. सीमेच्या अलीकडं, कर्नाटकात, असंघटित कामगारांचं मंडळ आहे. ‘अंबेडकर कार्मिक सहाय हस्त’ योजनेत हमालांना कार्ड मिळतं, अपघातात मदत मिळते. पण मजुरी आणि फंड बांधून देणारा तसा कायदा नाही. पोतं तेच, लॉरी तीच.

(रात्र. धक्क्यावरचे दिवे.)

रेल्वेनं दिलेल्या वेळेत गाडी रिकामी झाली नाही तर डॅमरेज लागतं, म्हणून दिवे लावून काम चालतं. उशिराचा दंड कुणाला किती, हे कागदावर पक्कं ठरलेलं आहे. रात्रीच्या हमालीचा दर मात्र मुकादम अजून फळीपाशी उभा राहून ठरवतोय.