झोपायच्या खोलीतला ‘होमवर्क’

श्रोतेहो, नमस्कार.

गाण्याचे शब्द तीनच, आणि ते तेच तीन शब्द सात मिनिटांत १४४ वेळा. ‘अराउंड द वर्ल्ड’ या गाण्याचं असं वर्णन केलं, तर कुणीही म्हणेल, यात ऐकायचं काय? आज त्याबद्दलच बोलू.

हे गाणं ‘डाफ्ट पंक’ या पॅरिसच्या जोडीच्या पहिल्या अल्बममधलं. अल्बमचं नाव ‘होमवर्क’, साल १९९७. तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्टो ही दोघं शाळेपासूनची मित्र. आधी त्यांचा एक गिटार बँड होता. ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकानं त्याची ‘डाफ्ट पंकी थ्रॅश’ अशी खिल्ली उडवली. पोरं बिलंदर. त्यांनी ती टिंगलच नाव म्हणून लावून घेतली आणि गिटार ठेवून सिंथेसायझर, यंत्रावर ठेका वाजवणारं ड्रम मशीन आणि ध्वनीचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणारा सॅम्पलर हाताशी घेतले.

स्टुडिओ म्हणजे तोमाची झोपायची खोली. म्हणून ‘होमवर्क’. अल्बम करायचा असं आधी ठरलेलंही नव्हतं. सुटे ट्रॅक साठत गेले, तेच पुढे सोळा झाले. त्यातला ‘दा फंक’ १९९५ मध्येच ग्लासगोच्या ‘सोमा’ या छोट्या कंपनीनं काढला होता. पुढे ‘व्हर्जिन’सारखी बडी कंपनी आली, तरी मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी या दोघांनी सोडली नाही. विशीतल्या मुलांना एवढा व्यवहार कळत होता, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आता त्या १४४ वेळांकडे. शब्द हलत नाहीत, पण त्यांच्याखालची जमीन हलत असते. बेस, म्हणजे खर्जातली सुरावट, चढतो, उतरतो. एक वाद्य येतं, दुसरं गुपचूप निघून जातं. शिवाय फिल्टर नावाची करामत आहे. आवाजातले उंच स्वर काढून टाकले की संगीत बंद दाराआडून आल्यासारखं घुमतं. मग ते स्वर हळूहळू परत सोडतात. स्वरावली तीच, ठेकाही तोच, पण दार उघडत गेल्यासारखं वाटतं आणि नाचणाऱ्यांच्या अंगात वीज येते. तबल्याचा ठेका तासभर तोच असला तरी आपण कंटाळत नाही ना, तसंच हे.

दिग्दर्शक मिशेल गाँद्रीनं हे नेमकं ओळखलं. त्यानं केलेल्या या गाण्याच्या व्हिडिओत प्रत्येक वाद्याला नर्तकांचा एक गट दिलाय. बेसवर खेळाडू पायऱ्या चढतात-उतरतात, ड्रम मशीनवर पट्ट्यांत गुंडाळलेल्या इजिप्शियन ममी नाचतात, गिटारवर सांगाडे, आणि गाणाऱ्या यांत्रिक आवाजावर रोबो. आधी तो बघा, मग डोळे मिटून गाणं ऐका. वाद्यं वेगवेगळी ऐकू येतील.

सगळाच अल्बम गोड नाही. ‘रोलिन अँड स्क्रॅचिन’ तर कानाला करवतीसारखं लागतं. मी ते बहुतेक वेळा पुढे ढकलतो.

‘टीचर्स’ मात्र चुकवू नका. त्यात या दोघांनी आपल्या गुरूंची नुसती नावं घेतलीत. बरीचशी शिकागोच्या ‘हाऊस’ या क्लबमधल्या नाचाच्या संगीतातल्या डीजेंची, पण ‘बीच बॉइज’ या पॉप बँडचा ब्रायन विल्सन आणि रॅप संगीतातला डॉक्टर ड्रेही त्याच रांगेत. न्यू जर्सीचे रोमँथनी आणि टॉड एडवर्ड्सही त्या यादीत आहेत. २००१ मध्ये ‘डिस्कव्हरी’ हा दुसरा अल्बम आला, तेव्हा ‘डाफ्ट पंक’नं या दोन्ही गुरूंना गायलाच बोलावलं होतं.