आधी छोटी माणसं बघा

मुलांनो, लेणी बघायला गेलं की आपण सगळ्यात मोठ्या मूर्तीसमोर उभे राहतो, फोटो काढतो आणि पुढे सरकतो. उद्या आपण छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांत जाणार आहोत. तिथे सातव्या लेण्यात माझं एवढं ऐका. मोठी मूर्ती आधी बघू नका. तिच्या दोन्ही बाजूंना, एकाखाली एक, चार-चार छोटी दृश्यं कोरली आहेत. आधी त्यांच्याकडे जा.

प्रत्येक दृश्यात कुणीतरी घाबरलेलं आहे. एकीकडे आग लागली आहे, कुणावर तलवार उगारली आहे, कुणाला बेड्या पडल्या आहेत, एक जहाज बुडतंय. दुसरीकडे सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि सगळ्यात शेवटी मृत्यू. ही आठ मोठी भयं. सहाव्या शतकात छिन्नी-हातोडीने काळ्या कातळातून ती काढली आहेत.

डोंगरात जहाज कुठून आलं? तेव्हा सोपारा, कल्याण ही गजबजलेली बंदरं होती. व्यापारी समुद्रातून जायचे आणि लेण्यांना दानही द्यायचे. कान्हेरीच्या जुन्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं आजही वाचता येतात. वादळात सापडलेल्या माणसाची भीती त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता या घाबरलेल्या माणसांसमोर बारकाईने बघा. हवेतून कुणीतरी त्यांच्याकडे झेपावत येतंय. तो मधल्या मोठ्या मूर्तीचाच छोटा अवतार आहे. ही मूर्ती बोधिसत्त्वाची, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवर असलेल्या, सगळ्यांना दुःखातून सोडवू पाहणाऱ्याची. एकच बोधिसत्त्व मध्ये शांत उभाही आहे आणि आठही ठिकाणी धावतोही आहे! मला हे फार मोलाचं वाटतं. करुणा म्हणजे ‘दया’ असं आपण पटकन सांगून टाकतो. पण अरेरे, बिचारा, असं जागेवर बसूनही म्हणता येतं. इथे शिल्पकाराने त्याला प्रत्येक हाकेला जायला लावलं आहे.

आता मोठ्या मूर्तीकडे वळा. हा अवलोकितेश्वर. आपण मराठीत ‘अवलोकन’ म्हणतो ना, तोच शब्द त्याच्या नावात आहे. दुःखात असलेल्यांकडे बघणारा, त्यांच्यावरून नजर न काढणारा. उजवा हात उंच करून तळवा समोर धरा बघू, सगळ्यांनी. ही अभयमुद्रा. या हातात शस्त्र नाही, हे लांबूनही दिसतं. ‘भिऊ नको’ म्हणायला आणखी काय लागतं? डाव्या हातात कमळ, चिखलातून वर येऊनही स्वच्छ राहणारं. जटांच्या मुकुटात एक चिमुकला बुद्ध बसलेला असतो, त्याचं नाव अमिताभ. कुठल्याही लेण्यात कमळ आणि मुकुटातला बुद्ध दिसला, की अवलोकितेश्वर ओळखायचा.

टॉर्च मूर्तीवर समोरून मारू नका. बाजूने धरा, म्हणजे सावल्या पडतात आणि झिजलेलं कामही उठून दिसतं. दगडाला हात मात्र लावायचा नाही. आणि घाई करून बाहेर पडू नका. उजवीकडचं अगदी खालचं दृश्य मृत्यूचं आहे. तिथे एक आई आहे, तिच्याजवळ तिचं मूल आहे. आधी तिला शोधा, आणि मग तिच्यासाठी कोण आलंय ते मला येऊन सांगा.