तोंडी लिहिणारी माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर चार टाळकी जमली, की त्यात एक जण हमखास मास्तरांपासून मिसळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करतो. त्याला म्हणून बघा, “भावा, हे लिहून काढ की!” काही जण लगेच विषय बदलतात. तो आळसच असेल असं नाही. डिस्लेक्सियाही असू शकतो.

यात बुद्धी कमी नसते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी चटकन जुळत नाही, एवढंच. आपल्या देवनागरीत तर पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारायची मात्र नंतर! 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. पोरगा चलाख, पण स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरं उलटसुलट व्हायची. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं, सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत हाच सर्वांत हुशार ठरला असता.

विनोदात तर तोंडीच कारभार. ब्रिटिश विनोदवीर एडी इझर्ड यांना डिस्लेक्सिया आहे. इझर्ड संहिता लिहून पाठ करत नाहीत. रंगमंचावर बोलत बोलतच विषय रचतात, पुढच्या प्रयोगात त्यावर आणखी हात फिरवतात. फ्रेंच आणि जर्मनमध्येसुद्धा त्यांनी प्रयोग केलेत.

आपल्याला याचं नवल कशाला? तमाशातला सोंगाड्या बतावणीत गावातली ताजी भानगड उभ्या उभ्या घुसवायचा. तिथं ऱ्हस्व-दीर्घ कोण तपासणार? आणि लोकांना ताटकळत ठेवून नेमक्या क्षणी टाकलेला शब्द कागदावर निम्माच उतरतो.

दहावी-बारावीला अशा मुलांना जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानंही ही अडचण मान्य केली आहे. आपण मात्र गॅदरिंगचं स्किट मागताना आधी कागद मागतो, तोही सुवाच्य! मला ही अटच पटत नाही.

पोराला मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून द्या. बोलू दे, ऐकू दे, फसलेला विनोद पुन्हा बोलून बदलू दे. नंतर ताईनं किंवा मित्रानं ते उतरवून घ्यावं, आणि लेखक म्हणून नाव त्या पोराचंच घालावं.

नमस्कार.