पगार तर नाहीतरी द्यायचाच होता

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘परदेशातली युद्धं, परदेशाला मदत आणि करदात्याचा खिसा’. विषय संयोजकांचा. मी लगेच होकार दिला, कारण मला अ‍ॅबिसिनियावर बोलायचं होतं आणि घरात आता ते कोणी बोलू देत नाही.

अ‍ॅबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया. तिथला सम्राट थिओडोर. त्याने व्हिक्टोरिया राणीला १८६२ साली पत्र लिहिलं. ते लंडनच्या सरकारी दफ्तरात पडून राहिलं, उत्तर गेलं नाही. चिडून त्याने ब्रिटिश वाणिज्यदूताला आणि आणखी काही युरोपियनांना बेड्या घातल्या. सरकारी कचेरीत पत्र पडून राहण्याचा अनुभव या सभागृहात प्रत्येकाला असेल. आपण कोणाला डांबून ठेवत नाही, एवढाच फरक.

या कैद्यांना सोडवायला फौज निघाली ती आपल्या मुंबईहून. रॉबर्ट नेपियर तेव्हा मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता. तेरा हजारांच्या आसपास सैनिक, त्याच्या दुपटीने बाजारबुणगे (पानिपत वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको), खेचरं, उंट आणि तोफा वाहायला ४४ हत्ती. हत्ती जहाजात कसे चढवले असतील याची मला भारी उत्सुकता आहे. क्रेन होती हे खरं, पण हत्तीचं मत कोणी घेतलं असेल का? तांबड्या समुद्रावर झूला नावाच्या ठिकाणी हा सगळा लवाजमा उतरला, तिथे रूळ टाकून चक्क आगगाडी सुरू केली. एप्रिल १८६८ मध्ये सम्राटाचा डोंगरी किल्ला मगदाला पडला, सम्राटाने स्वतःला गोळी घातली, कैदी सुटले, फौज परतली. मोहीम म्हणून अगदी चोख. पार्लमेंटने आधी वीस लाख पौंड मंजूर केले होते, खर्च गेला नव्वद लाखांच्या घरात.

आता बिलाकडे या. ज्यादा खर्च ब्रिटनने उचलला. पण हिंदी सैन्याचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून. का? तर तो नाहीतरी द्यायचाच होता! शिपाई मुंबईत कवायत करो की आफ्रिकेत गोळ्या खावो, पगार तोच. बरं, १८५८ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं, की परचक्र परतवण्याखेरीज सरहद्दीपलीकडच्या लष्करी मोहिमेला हिंदुस्थानचा महसूल वापरायचा तर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संमती हवी. तशी रीतसर संमती घेतली. म्हणजे ज्यांच्या खिशातून जाणार नव्हतं त्यांनी ज्यांच्या खिशातून जाणार होतं त्यांच्या वतीने ‘हो’ म्हटलं.

त्याच सुमारास, १८६७ च्या जुलैत, तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला. त्याच्यासाठी इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या तिथल्या खात्यात, नाच झाला आणि त्याचंही बिल हिंदुस्थानच्या नावावर. नाच लंडनमध्ये, पाहुणा इस्तंबूलचा आणि पैसे शेतसाऱ्यातून. (हशा) हसताय, पण रयतेने भरलेत ते.

याच्याविरुद्ध लंडनमध्ये उभा राहिला तो एल्फिन्स्टनचा प्राध्यापक, दादाभाई नौरोजी. ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी अ‍ॅबिसिनियाच्या खर्चावर निबंधच वाचला. पुढे १८७८ चं अफगाण युद्ध. दख्खनच्या दुष्काळानंतर दुष्काळ निवारणाच्या नावाने नवे कर बसवले आणि पैसा वळला काबूलकडे. ब्रिटनचा पंतप्रधान ग्लॅडस्टनने नंतर पन्नास लाख पौंड परत दिले, बाकीचा बोजा इथेच राहिला. मग हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारं वेल्बी कमिशन, दादाभाई त्यात सभासद, १८९७ साली गोपाळराव गोखल्यांची साक्ष...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. म्हणजे मूळ विषय अजून सुरूच झालेला नाही.

तर भराभर सांगतो. परकी युद्ध परवडतं का, याच्या आधी विचारायचं, की पैसे देणाऱ्याला ते देताना कळतं का? व्हिएतनामसाठी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सननी १९६८ साली प्राप्तिकरावर दहा टक्के अधिभार लावला, अमेरिकन माणसाला तो पगारात दिसला. इराक-अफगाणिस्तानच्या वेळी उलट २००१ आणि २००३ मध्ये कर कमी केले आणि युद्धं कर्जावर चालवली. काबूलसाठी वीस मालवाहू विमानं घेतली, सुमारे ५५ कोटी डॉलरचा सौदा. त्यातली सोळा शेवटी भंगारात गेली, मिळाले चाळीस हजार डॉलर. कुर्ल्यात जास्त आले असते. आणि तरी चिडचिड कशावर? परकीय मदतीवर. पाहण्यांत अमेरिकन लोक सरासरी सांगतात की बजेटचा चौथा हिस्सा तिकडे जातो, प्रत्यक्षात एक टक्क्याच्या आसपास. आपल्या सोसायटीत नाही का, वॉचमनच्या चहावर तासभर भांडण आणि टेरेसचं कंत्राट पाच मिनिटांत मंजूर.

आपलं काय? २०२४-२५ ला परराष्ट्र खात्याची तरतूद २२,१५५ कोटी, म्हणजे एकूण बजेटच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यातून भूतानला मिळतात म्हणून कोणाच्या पोटात दुखत असेल, तर चुखा आणि ताला ही वीजकेंद्रं बघा. साठ टक्के अनुदान, चाळीस टक्के कर्ज, आणि जास्तीची वीज आपणच विकत घेतो. माझ्या हिशेबी पै न पै वसूल. हेरातचं सलमा धरण आपण २०१६ ला पूर्ण करून दिलं, आज सत्ता तालिबानची. तरीही ते मी वाया धरत नाही, पाणी तिथल्याच शेतकऱ्याला जातं. १९८७ ला श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, सुमारे १,२०० जवान मारले गेले, १९९० ला परत बोलावली. त्याचा हिशेब मात्र मला आजवर कोणी नीट दाखवलेला नाही.

१९७१ आठवतंय ना पुढच्या रांगेला? पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट, शरणार्थींसाठी. घाईत कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच शिक्का मारून काढलेलं, आणि सीमेवर कोटभर माणसं आलेली! पण पत्र टाकताना प्रत्येकाला ठाऊक असायचं, हे पाच पैसे कोणासाठी. आज लोकसभेत बहुतेक खात्यांच्या मागण्या चर्चेविना गिलोटिनने, म्हणजे वेळ संपली की सगळ्या एकत्र मताला टाकून, एका दमात मंजूर होतात. परराष्ट्र खात्यावर दरवर्षी एक पूर्ण दिवस चर्चा झालीच पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. मग भूतानला दुप्पट द्या, माझी हरकत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. हत्तींबद्दल असतील तर आधी.