फाटकापलीकडचा रस्ता

पश्चिम कोलोरॅडो. सप्टेंबर महिना, उजाडायला अजून अवकाश आहे. पिकअपच्या हौद्यातून एका शिकाऱ्याची ही इलेक्ट्रिक सायकल खाली उतरते. टायर बघा, चार इंच रुंद. हवा मुद्दाम कमी ठेवली आहे, म्हणजे सुट्या खडीवर चाक घसरत नाही. मोटर आणि बॅटरी धरून वजन तीसेक किलो. धनुष्य मागच्या कॅरिअरला बांधलेलं, आणि त्यामागे जोडलेला एका चाकाचा रिकामा ट्रेलर.

समोर लोखंडी फाटक. पूर्वी लाकूड वाहून न्यायला केलेला हा रस्ता गाड्यांना बंद आहे. ई-बाइकला मात्र ही सरकारी जमीन सांभाळणाऱ्या इथल्या कार्यालयाने परवानगी दिली आहे, म्हणून ती कडेच्या फटीतून आत जाते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. इथे शिकार परवान्यावर, ठरलेल्या हंगामात चालते, आणि परवान्यांचा पैसा राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जातो. कोलोरॅडोत अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. इतके अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. एल्क आपल्या सांबराच्याच कुळातला, पण नर तीनशे किलोच्या पुढे जातो.

जमीन सरकारी, म्हणजे सगळ्यांची. पण आत खोलवर पोचतो तो घोडे बाळगणारा, नाहीतर वाटाड्याला हजारो डॉलर मोजणारा. शनिवार-रविवारची सुट्टी हाताशी असलेल्या नोकरदाराला, किंवा गुडघे दुखणाऱ्या साठीच्या माणसाला, पार्किंगच्या आसपासचंच रान मिळतं. या सायकलीने खरा फरक पडला तो त्यांना.

मोटर बघा. ती चाकात नाही, पेडलपाशी आहे. तिचा जोर साखळीतून आणि गिअरमधून चाकाला मिळतो. चढ लागला की शिकारी हलका गिअर टाकतो आणि मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. चाकात बसवलेली मोटर अशा लांब, खड्या चढावर तापते. पेडलपाशी मोटर असली की साखळी लवकर झिजते, म्हणून सुटी कडी नेहमी खिशात. थंडीत बॅटरी लवकर उतरते; रात्री ती काढून तंबूत, पांघरुणाजवळ ठेवावी लागते. आवाज म्हणाल, तर टायरखालच्या खडीचाच जास्त.

नियमांचा गुंता २०१९ पासूनचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटीरियर खात्याचे तेव्हाचे मंत्री डेव्हिड बर्नहार्ट यांनी आदेश काढला: पेडल असलेली, ७५० वॅटपेक्षा कमी ताकदीची ई-बाइक मोटर वाहनांतून वगळावी. २०२० मध्ये याच खात्याच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने नियम केला आणि कोणती वाट खुली करायची हे स्थानिक कार्यालयांवर सोपवलं. शेजारचं राष्ट्रीय वन मात्र वेगळ्या खात्याचं. तिथे ई-बाइक मोटर वाहनच धरली जाते. आणि १९६४ च्या कायद्याने राखलेल्या ‘वाइल्डरनेस’मध्ये तर साधी सायकलही चालत नाही. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन कायदे, आणि हद्द दाखवणारी पाटी इथे कुठेच दिसत नाही. पाट्या लावणं हे सरकारचंच काम आहे.

शेवटचं अंतर पायीच. रस्ता सोडून रानात सायकल घालायची नाही; ती इथे झाडाला टेकवून ठेवली आहे.

सकाळचे दहा. बाण लागून एल्कचा नर पडला आहे. आता घाई मांसाची, कारण सप्टेंबरच्या उन्हात ते पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या मांडीच्या, हाडापाशी आधी खराब होतं. कातडं उतरवून अंगातली ऊब बाहेर जाऊ द्यायची. दोन खांदे, दोन पुठ्ठे, पाठीच्या लांब पट्ट्या. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. एकेक पुठ्ठा पातळ कापडी पिशवीत जातो. पिशवीमुळे माशी बसत नाही आणि वारा लागतो. पाठीवरून रस्त्यापर्यंत, तिथून ट्रेलरमध्ये. एरवी गाडीपर्यंत तीन-चार खेपा पायी माराव्या लागल्या असत्या, आणि शेवटची खेप अंधारात.

पण सायकलीचा त्रास प्राण्यांनाही होतो. ओरेगन राज्यातल्या स्टार्की प्रायोगिक जंगलात एल्कना जीपीएस पट्टे बांधून पाहिलं, तेव्हा वाटेवर माउंटन बाइक फिरू लागल्या की ते वाटेपासून दूर सरकत होते. एटीव्हीपासून, म्हणजे रानात चालणाऱ्या चारचाकी मोटरगाडीपासून, त्याहून दूर. ‘बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स’ ही शिकाऱ्यांचीच संघटना म्हणते, ई-बाइक मोटर वाहनांना खुल्या असलेल्या वाटांवरच राहावी.

उतारावर मोटर बंद, दोन्ही ब्रेक हाताशी. मागचं ओझं पुढे ढकलतं, म्हणून वेग चालण्याइतकाच. पिकअपमध्ये बर्फाच्या पेट्या भरून ठेवल्या आहेत. मांस दुपारीच थंड झालं, की चौघांच्या घराला पुढच्या हंगामापर्यंत पुरतं.