जन्मजात व्यंगांचा आकडा चढला, व्यंगं वाढली का?

(दृश्य : सातपुड्यातली घाटवाट, मग धडगाव तालुक्यातला प्रसूतिकक्ष)

बाळ जन्मून काही तास झालेत. सिस्टर तोंडात टॉर्च मारून टाळू बघतात. मग बाळाला पालथं करून मणक्यावरून बोट फिरवतात. कुठे खळगा, गाठ, केसांचा पुंजका? शेवटी शौचाची जागा उघडी आहे ना, ते पाहतात. दोन-तीन मिनिटांचं काम, पण ते राहिलं की व्यंग वहीत येतच नाही.

फाटलेला ओठ दुरूनही दिसतो, तो पूर्वीही मोजला जायचा. हृदयातलं बारीक छिद्र टू-डी इकोशिवाय, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय, कळत नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला, पथकं अंगणवाडीत जाऊन मुलं तपासू लागली. जास्त शोधलं की जास्त सापडणारच.

उलटंही होतं. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत गंभीर व्यंग दिसून गर्भपात झाला, तर जिवंत जन्मांच्या हिशेबातून ते गळतं. पाड्यावर घरीच जन्मून दगावलेलं बाळ तर कुठल्याच वहीत नसतं.

(दृश्य : नोंदवहीचं पान)

फाटलेला ओठ साधारण हजारात एका बाळाला. वर्षाला सहाशे बाळंतपणं होणाऱ्या रुग्णालयात एका वर्षी एकही नाही, पुढच्या वर्षी दोन, हे निव्वळ योगायोगानेही घडतं. गावात मात्र लगेच ग्रहणाचं नाव निघतं, नाहीतर कपाशीवरच्या फवारणीचं. फवारणीची शंका तपासण्यासारखी आहे. पण त्याला अनेक तालुक्यांची, अनेक वर्षांची एकाच पद्धतीने केलेली नोंद लागते.

खरी घट दिसली ती मेंदू-मणक्याच्या व्यंगांत. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक ॲसिड (एक जीवनसत्त्व) सक्तीचं केलं आणि ही व्यंगं सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली.

(दृश्य : पिठाची गिरणी)

खान्देशात कळण्याच्या भाकरीची ज्वारी-उडीद घरातूनच गिरणीवर जाते. पाकिटातल्या पिठात काहीही मिसळा, या भाकरीत ते उतरत नाही. म्हणून इथे भिस्त फॉलिक ॲसिडच्या गोळीवर, आणि घोळ होतो तो वेळेचा. गर्भाची मज्जानळी, जिच्यातून मेंदू-मणका घडतो, ती गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटून बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. आशाताईंकडे नाव नोंदवेपर्यंत बऱ्याचदा दोन-अडीच महिने उलटलेले असतात. ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू हवी, पुढे तीन महिने. आधीच्या बाळाला असं व्यंग असेल तर मात्रा दहापट लागते. ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची.