बाळाचे का आजोबांचे?

नमस्कार मंडळी. आज विषय आहे पिढी बदलली की बाजार कसा बदलतो, पण आधी डायपरचा किस्सा ऐका, तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पुतणीच्या लेकीचं बारसं होतं (बारशाला हल्ली घुगऱ्या नसतात, पनीर चिली असतं, असो). ऐनवेळी डायपर संपले म्हणून मला पिटाळलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो, म्हटलं एक डायपरचा पॅक दे रे, तर काउंटरवरचा पोरगा मान वर न करता विचारतो, "आजोबांचे का?" केस पांढरे आहेत माझे, कबूल, पण मी चरकलोच. म्हटलं बाळाचे रे! तर तो स्टूल घेऊन वर चढला. बाळांचे पॅक पार वरच्या फळीवर आणि हाताशी मोठ्यांचे, मीडियम, लार्ज, एक्सएल. मालक काका हसून म्हणाले, "पूर्वी हे आत ठेवायचो, लोक कुजबुजत मागायचे, पेपरात गुंडाळून द्यायचो. आता महिन्याचं पक्कं गिऱ्हाईक हेच. बाळाचं दोन-अडीच वर्षांत सुटतं, आजीचं सुटत नाही." तेवढ्यात त्यांच्या व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली, लेक न्यू जर्सीत, आई इथे मागच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे बघा, वापरणार आई, ब्रँड ठरवणार लेक. बाळाचंही तसंच असतं की, त्याला कोण विचारतं! मग जाहिरात करायची कुणासाठी? लेकीसाठी.

आता आकडा. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ च्या पाहणीत २.९ च्या आसपास होती, २०१९-२१ मध्ये १.७. परत सांगतो, २.९ वरून १.७. लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतात. जपान तर कधीच पुढे गेलाय, तिथल्या ओजी होल्डिंग्जनं २०२४ मध्ये देशातलं बाळांच्या डायपरचं उत्पादनच बंद केलं आणि मोठ्यांच्या डायपरवर जोर दिला. आपल्याकडे मात्र म्हाताऱ्यांच्याच औषधाच्या पाकिटावर तारीख मुंगीएवढ्या अक्षरात छापतात, कुणासाठी कोण जाणे.

हां, तर निघताना काकांनी पिशवीत मोठ्यांचं एक सॅम्पल टाकलं, "असू द्या साहेब, फ्री आहे." मी तोंड वाकडं केलं, पण परत काही दिलं नाही. कपाटात ठेवलंय, वरच्या कप्प्यात.